खेळ सुटल्यावर, सदतिशीत फोटोग्राफी शिकायला उशीर झाला का?

गुडघ्याने कबड्डी सोडवली, आता ३७व्या वर्षी कॅमेरा घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी १४ वर्षं खो-खो खेळलो. मलाही गुडघ्यानेच घरी बसवलं, आणि कॅमेरा हातात आला तेव्हा चाळिशी उलटली होती. तेव्हा वयाचं सोडा.

पहिल्यांदा पक्षी टिपायला भिगवणला गेलो, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. भाच्याचा जुना कॅमेरा, ७०-३००ची लेन्स. सहाशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा म्हणजे नुसता गुलाबी धुरळा. शटर १/२५० सेकंदावर! उडत्या पक्ष्याला १/१६००च्या आसपास तरी लागतं. नावेत शेजारी बसलेल्या पोराला विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने, पण आपल्याला लाज. (खेळाडूचा माज गुडघ्याबरोबर जात नाही.)

दुसऱ्या खेपेला नाववाले मामा म्हणाले, "बटण काय दाबताय सारखं? मान फुडं घातली की समजायचं, निघाला." हे तर ओळखीचं निघालं. पळतीचा गडी पायांनी हूल देतो, म्हणून आम्ही त्याच्या कमरेकडे बघायचो. रोहितही वाऱ्याकडे तोंड करतो, मान लांबवतो, पाण्यावरून चार-सहा ढांगा पळतो आणि मग उचलतो. चढाईवाला कुठल्या बाजूला झेपावणार हे तुम्हाला आधी कळायचं ना? मग अर्धं काम झालेलंच आहे.

जड गेलं ते बसणं. एका नदीसुरय पक्ष्यासाठी दीड तास. आमच्या चौकोनात बसल्यासारखंच, फक्त इथे खो द्यायला कोणी येत नाही. थव्यात नाव घालून पक्षी उडवणारेही भेटतील, त्यांच्या नावेत बसू नका.

अमेरिकेतल्या बेसबॉलमधला चेंडू फेकणारा रँडी जॉन्सन निवृत्तीनंतर फोटोग्राफीकडेच वळला. २००१मध्ये त्याच्या चेंडूच्या वाटेत एक होला आला आणि मेला. त्याच्या फोटोग्राफीच्या लोगोवर तोच उताणा पक्षी आहे. अंगावरची गोष्ट अशी मिरवायलाही छाती लागते.

कॅमेरा लगेच विकत घेऊ नका, कुणाचा तरी मागून आणा आणि आधी तुमच्या जुन्या मैदानावर जा. मागच्या महिन्यात मी आमच्या मंडळात खांबावर सूर मारणाऱ्या एका मुलीचा फोटो काढला. बोटं गड्याच्या पाठीपासून वीतभर लांब. तो निसटला होता. तिने फोटो मोठा करकरून बघितला आणि म्हणाली, "सर, मी खांब फार वर धरलाय."