नवी ठासणीची बंदूक घेतलीस, आता हे ऐक

नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ही बंदूक जुन्या धाटणीची असली तरी नवी आहे आणि बार काढते. त्यामुळे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतोच. जुन्या, निकामी हत्याराची सवलत तिला नाही. दुकानदार काहीही सांगो.

बंदुकीची दारू फक्त काळीच. काडतुसातली धूरविरहित दारू चिमूटभरही घालू नकोस, नळी फुटून हात जातो. डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, आत निखारा राहिला असेल तर डबाच पेटेल. मापात घे, मग ओत. बार उडाला नाही तर तोंड मोकळ्या दिशेला धरून किमान मिनिटभर थांब. आणि गजावर, म्हणजे दारू ठासायच्या सळीवर, रिकाम्या नळीची खूण करून ठेव. गज खुणेपर्यंत गेला नाही, तर आत बार आहे असं समज.

खरी डोकेदुखी देखभालीची. जळलेल्या दारूची काजळी ओल ओढते, त्यात आपल्याकडे खारा वारा. म्हणून बार काढला त्याच दिवशी, कितीही दमलास तरी, नळी गरम पाण्याने धू. केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, जिच्यावर बसते ती निपल सोडवून तिचं भोकही साफ कर. फडकं कोरडं येईपर्यंत पुसून बंदुकीचं तेल लाव. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. पुढच्या वेळी भरण्याआधी मात्र तेल पुसून काढ.

पावसाळ्यात जांभ्याच्या भिंतीवर टांगू नकोस, कातडी म्यानातही नको, दोन्ही ओल धरतात. कुलुपाच्या कोरड्या कपाटात ठेव, दारू आणि केपा वेगळ्या. आषाढात दर आठवड्याला नळीत बोळा फिरव. तो तांबूस आला की गंज धरला समजायचं.