चिनी स्वर्गाचे दार आणि त्याचे राखणदार

प्रश्न : दहावीत शिकणारी आमची मुलगी सध्या एक चिनी अ‍ॅनिमेशन मालिका पाहते. तीत आकाशात एक प्रचंड द्वार उघडते आणि ते ओलांडणारा थेट दुसऱ्या लोकात पोहोचतो. या द्वाराला चिनी पुराणकथांत काही आधार आहे का? तेथील रक्षक आपल्याकडच्या द्वारपालांसारखे का वाटतात?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधार आहे, आणि तो भक्कम आहे. अशा मालिकांतील द्वाराचे रूप लेखकागणिक बदलत असले, तरी त्यामागे चिनी परंपरेतील ‘नानथ्येनमन’, म्हणजे स्वर्गाचे दक्षिणद्वार, उभे असते. चिनी कल्पनेतला स्वर्ग हा सम्राटाच्या दरबारासारखा चालतो. तेथे पदे आहेत, नोंदवह्या आहेत आणि म्हणूनच दारावर चौकशीही आहे. 1592 साली छापल्या गेलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीत वानरवीर सुन वुखोंग स्वर्गाचे निमंत्रण मिळाल्यावर उत्साहाच्या भरात पुढे निघून येतो आणि दक्षिणद्वाराशी पोहोचतो, तर रक्षक शस्त्रे आडवी धरून त्याला अडवतात. तो संतापतो, मागून आलेला शुक्रताऱ्याचा देव त्याची समजूत घालतो, की तुझे नाव अजून नोंदवहीत नाही, पद मिळाले की तुला कोणी अडवणार नाही. वैकुंठाच्या दारी जय-विजयांनी सनकादिकांना अडवल्याची कथा आपल्या वाचकांना येथे आठवेलच.

रक्षकांविषयीचे आपले निरीक्षण अचूक आहे. त्या प्रसंगी दारावर असलेला रक्षक विरूढक आहे. धृतराष्ट्र, विरूपाक्ष आणि वैश्रवण यांच्यासह तो चार दिशांच्या लोकपालांपैकी एक असून हे चौघेही बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमध्ये गेले. वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. चिनी कथांतील बालदेव आणि मुलांचा लाडका नेझा हादेखील मुळात कुबेरपुत्र नलकूबर, हे आपल्या कन्येला आवर्जून सांगावे.

मात्र आजच्या मालिकांत नायक साधनेच्या एकेक पायऱ्या चढून द्वार स्वबळावर ओलांडतो. हा धागा दुसऱ्या कथेतला आहे : पीत नदीवरील ‘लोंगमन’, म्हणजे ड्रॅगनचे द्वार, या ठिकाणी प्रवाहाविरुद्ध उडी घेऊन पलीकडे जाणारा मासा ड्रॅगन होतो, आणि राजसेवेची कठीण परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यालाही चीनमध्ये हीच उपमा देत असत. दहावीच्या वर्षात ही कथा मुलीला विशेष जवळची वाटेल, असे आम्हांस वाटते.

शानतुंग प्रांतातील थायशान या पवित्र पर्वतावर नानथ्येनमन नावाचे खरे द्वारही आहे. अखेरच्या अतिशय उभ्या चढावर 1600हून अधिक पायऱ्या चढून यात्रेकरू तेथे पोहोचतात.

मुलीला मूळ परंपरा पडद्यावरच पाहायची असेल, तर वान लायमिंग यांनी शांघायमध्ये दिग्दर्शित केलेला ‘स्वर्गातील उत्पात’ हा सुन वुखोंगच्या याच कथेवरील चित्रपट अवश्य दाखवावा. त्याचा पहिला भाग 1961चा आणि दुसरा 1964चा असून त्यातील पात्रांची रंगभूषा व हालचाली पेइचिंगच्या संगीत नाटकावरून घेतलेल्या आहेत.