वाचक विचारतात : जुनी स्नोमोबाइल घेताना

प्रश्न : 1990 च्या दशकातली, रोटॅक्स 503 इंजिनाची स्नोमोबाइल विकाऊ आहे. ट्रॅक (खाली फिरणारा रबरी पट्टा) 121 इंची, 'फार चाललेली नाही' असं मालक म्हणतो. काय तपासू?

उत्तर : 'फार चाललेली नाही' हे सोडून द्या. या गाड्या चालून बिघडतात तितक्याच उभ्या राहून बिघडतात. 503 म्हणजे 496.7 सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. पंख्याच्या हवेवर थंड होतं, त्यामुळे कूलंट आणि वॉटरपंपाची भानगड नाही. 121 इंची ट्रॅक दाबलेल्या वाटांवर झकास वळतो, पण भुसभुशीत खोल बर्फात रुततो. तिथेच फिरायचं असेल तर 136 इंच किंवा त्याहून लांब ट्रॅकची गाडी बघा.

इंजिन आधी गरम करून ठेवू नका, असं मालकाला बजावून सांगा. चोक ओढल्यावर थंड इंजिन चार-पाच झटक्यांत लागलं पाहिजे. मग दोन्ही प्लग काढा, एकेका सिलिंडरच्या प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लावा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो 10 टक्क्यांहून जास्त असेल तर एक्झॉस्ट काढून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर इंजिन उघडावं लागणार, हे धरूनच भाव करा.

मागचा भाग उचलून ट्रॅक हातानं फिरवा. आडव्या फायबरच्या काड्या तुटल्या असतील तर ट्रॅक तिथे लिबलिबीत लागतो. स्लायडर, म्हणजे ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, बर्फाच्या ओलाव्यावरच थंड राहतात. गाडी कोरड्या जमिनीवर पळवली असेल तर ते वितळून झिजलेले दिसतील. ते बदलणं सोपं आहे, त्यासाठी गाडी नाकारू नका.

प्रश्न : थ्रॉटल सोडला तरी आमच्या गाडीचा आरपीएम लगेच उतरत नाही. केबल ठीक आहे.

उत्तर : मग चालवणं आधी थांबवा. बहुधा कुठून तरी जादा हवा शिरते आहे किंवा कार्ब्युरेटरचा पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) जुन्या पेट्रोलच्या चिकट गाळानं तुंबलाय. दोन्हींत मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वाकवून बघा; भेगा वाकवल्यावरच उघडतात. पुढच्या क्लचमागे तेलकट ओल असेल तर क्रँकचं सील गेलंय. हे सगळं धड निघालं तर जेट साफ करा. तार घालून भोक मात्र मोठं करू नका.