चेहरा भरला म्हणजे तब्येत सुधारली?

गुडघेदुखीच्या पुड्यांबद्दल याही वेळी ढीगभर पत्रं आली आहेत. त्यांतलं एक सविस्तर घेतो. आधी किरकोळ प्रश्न उरकू.

इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर जास्त टिकतं का?
नाही. गोठलं की ते फेकायचं. न उघडलेली बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवा.

दुकानदार चारच गोळ्या कापून देतो. मुदत कशी कळणार?
बिल मागा. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. ‘बिल कशाला?’ म्हणणाऱ्याचं दुकान बदला.

आई ६८ वर्षांची आहे. आठवडी बाजारातल्या आयुर्वेदिक पुडीने तिसऱ्याच दिवशी गुडघे मोकळे झाले. आठ महिने घेतेय. चेहरा छान भरलाय, पण साखर वाढली. पुडी बंद करू का?
आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आईंना आजच डॉक्टरांकडे न्या, सोबत एक न फोडलेली पुडी घ्या.

झिजलेला गुडघा तीन दिवसांत मोकळा करणारं चूर्ण मी तरी पाहिलेलं नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइडची, म्हणजे सूज आणि दुखणं झटकन दाबणाऱ्या औषधाची, गोळी कुटून घातलेली सापडते. तुमच्या पुडीत ती आहेच, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण लक्षणं तीच आहेत. भरलेला चेहरा ही तब्येत नव्हे. तोंड गोल होतं, हातपाय मात्र काटकुळे होतात. साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं आतून ठिसूळ होतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. मग पुडी अचानक बंद झाली की उलट्या, गळाठा, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेततं. तसं काही झालं तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा, आणि पुडीचं तिथे आवर्जून सांगा. एरवी डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

आणि ‘आयुर्वेदिक’ कोण म्हणालं? विकणाराच ना? खऱ्या आयुर्वेदिक औषधावरही उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटक छापावे लागतात. पारदर्शक पिशवीतल्या तपकिरी भुकटीवर काय छापलं होतं? अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. शेजारणीलाही तीच पुडी दिली असेल, तर तिलाही गाठा.

मुलीचं अँटिबायोटिकचं पातळ औषध महिन्यापूर्वीचं उरलंय. परत ताप आलाय, देऊ का?
नको. पाणी घालून केलेलं हे औषध आठवडा-दोन आठवडेच टिकतं. मुलीला दाखवून आणा.