वाद्यशंका : ॲम्प मॉडेलरचा आवाज हेडफोनवर गोड, तालमीत कर्कश का?

प्रश्न : मी इंदिरानगर परिसरात राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून गिटार वाजवतो. सोसायटीतील शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून जुना व्हॉल्व्हचा ॲम्प विकून डिजिटल ॲम्प मॉडेलर घेतला. रात्री हेडफोनवर जमवलेला आवाज उत्तम वाटतो. मात्र तोच प्रीसेट (साठवून ठेवलेली आवाजाची मांडणी) कॉलेज रोडवरील तालमीच्या खोलीत वाजवला की वरच्या बाजूला तेलात मोहरी तडतडावी तशी खरखर येते, खालचे सूर घुमतात आणि मधली गिटार हरवून जाते. खोलीत जो गिटार ॲम्प ठेवलेला आहे, त्याच्या पुढच्या जॅकमध्ये मी मॉडेलरची वायर लावतो. यंत्रच सदोष आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : यंत्र सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली अडचण जोडणीची. मॉडेलर हे केवळ ॲम्पची नक्कल करत नाही; प्रीॲम्प (गिटारचा क्षीण आवाज वाढवून घडवणारा भाग), पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा भाग), स्पीकरची पेटी आणि त्या पेटीपुढे धरलेला माइक, ही संपूर्ण साखळी तो आपल्या पोटात उभी करतो. असा तयार आवाज आपण दुसऱ्या ॲम्पच्या पुढच्या जॅकमध्ये घातला, की तो पुन्हा एका प्रीॲम्पमधून, पुन्हा एका बास-ट्रेबलच्या विभागातून आणि पुन्हा एका स्पीकरमधून जातो. गाळलेला चहा दुसऱ्या पातेल्यातील चहापत्तीवर ओतून परत उकळावा, तशातली ही गत आहे. त्या ॲम्पच्या मागे ‘इफेक्ट्स रिटर्न’ अथवा ‘पॉवर ॲम्प इन’ असा जॅक असल्यास तेथे वायर लावावी, म्हणजे त्याचा प्रीॲम्प वगळला जाईल. आणि समोर खरा गिटार स्पीकर असल्यामुळे मॉडेलरमधील कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा भाग (आयआर, अर्थात इम्पल्स रिस्पॉन्स) बंद करावा. याउलट हेडफोन, मिक्सर किंवा पूर्ण पट्ट्याचा पीए (श्रोत्यांसाठीच्या ध्वनिव्यवस्थेचा) स्पीकर असेल तेथे कॅबिनेट चालूच हवे. 12 इंची गिटार स्पीकरला ट्विटर (फक्त वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) नसतो आणि साधारण 5 किलोहर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमधील (मुद्दाम फाटवलेल्या आवाजातील) खरखर नेमकी त्या वरच्या भागात असते. गिटार स्पीकर ती आपोआप गाळतो; ट्विटर असलेला पीए ती इमानेइतबारे श्रोत्यांपर्यंत पोहोचवतो. येथेच एक सावधगिरीची सूचना : व्हॉल्व्ह ॲम्पचा स्पीकर-आउट मॉडेलरच्या इनपुटमध्ये कधीही लावू नये, अशा जोडणीत दोन्ही यंत्रे एकदम जळू शकतात.

दुसरी अडचण यंत्राची नसून कानाची आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि फार वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने कमी ऐकू येतात. रात्री हलक्या आवाजात बसलेला वादक ही उणीव नकळत भरून काढतो, म्हणजे बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो आणि मध्यम पट्टी उतरवतो. कारण त्या क्षणी तसेच भरदार वाटते. दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात कान सगळे सूर पुरते ऐकू लागतो आणि रात्री घातलेले जादा मीठ एकदम जिभेला लागते. हा धडा मी स्वतः गणेशोत्सवातील एका कार्यक्रमात घेतला. आठवडाभर हेडफोनवर घडवलेला आवाज त्या सायंकाळी ढोलकी, कीबोर्ड आणि बास गिटार यांच्यामध्ये असा काही बुडाला, की मध्यंतरात मित्राने येऊन विचारले, ‘‘तू वाजवत होतास की नुसता उभा होतास?’’ गिटारची ओळख साधारण 400 हर्ट्झपासून 3 किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असते, आणि मी नेमका तोच पट्टा रिकामा करून ठेवला होता.

म्हणून आपला प्रीसेट निदान एकदा तरी प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आवाजात आणि सोबतच्या वाद्यांसह बसवावा. एकट्याने वाजवताना किंचित नाकातला वाटणारा आवाज मेळात बहुधा बरोबर बसतो. त्यानंतर मॉडेलरच्या शेवटी असलेल्या ईक्यूमध्ये (वेगवेगळ्या पट्ट्यांतील सूर कमी-जास्त करणाऱ्या भागात) खालचे सूर गाळणारा लो कट 80 ते 100 हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तरी तिचा मूळ सूर 82 हर्ट्झचा आहे, त्याखाली उरतो तो घुमारा आणि ती जागा बास गिटारची आहे. वरचे सूर गाळणारा हाय कट 8 किलोहर्ट्झपासून हळूहळू खाली आणावा, खरखर गेली की थांबावे. 5 च्या खाली गेल्यास गिटार गोधडीखाली वाजल्यासारखी वाटू लागते.

तरीही खरखर राहिली, तर आयआर बदलून पाहावा, आणि माझ्या मते बहुतेकांची खरी मेख येथेच असते. ॲम्पची मॉडेले आलटून पालटून पाहण्यात लोक महिने घालवतात, परंतु आयआर कारखान्यातून आला तसाच ठेवतात. आयआर म्हणजे एका विशिष्ट पेटीचा, एका विशिष्ट माइकने, एका विशिष्ट जागेवरून घेतलेला ठसा. माइक स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर असेल तर आवाज टोकदार येतो. तोच दोन-तीन सेंटीमीटर कडेकडे सरकवला की आवाज गोल आणि गडद होतो. ट्रेबलची खुंटी कितीही फिरवली तरी हा फरक तिला साधत नाही. शिवाय आपल्या जुन्या ॲम्पची आठवण आपली फसगत करते. तो जमिनीवर असायचा, आपण त्याच्यापुढे उभे असायचो, म्हणजे स्पीकर गुडघ्यांकडे रोखलेला आणि कान त्याच्या बरेच वर. स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, त्यामुळे ते आपल्या कानापर्यंत फारसे पोहोचतच नसत. माइक मात्र त्या झोतात जाळीला नाक लावून बसलेला असतो. खात्री करायची असल्यास तालमीतील ॲम्पसमोर, आवाज अगदी बारीक ठेवून, एकदा खाली बसून ऐकावे. मॉडेलर आपल्याला खोलीतला ॲम्प ऐकवत नाही, माइकने टिपलेला ॲम्प ऐकवतो, एवढे ध्यानात ठेवून कडेला माइक ठेवून घेतलेले तीन-चार आयआर लावून पाहावेत.

आणि गेन (डिस्टॉर्शन किती हे ठरवणारी खुंटी) कमी करावा. किती, असे आपण विचाराल. पुरेसा वाटतो त्याहून एक चतुर्थांश कमी करून तालमीत ऐकावा. ध्वनिमुद्रणात ऐकू येणारी जाडी पुष्कळदा एकच ओळ दोनदा वाजवून डाव्या-उजव्या बाजूला ठेवल्यामुळे आलेली असते, एका गिटारवर गेन चढवून ती येत नाही.

प्रश्न : मॉडेलरवर गेन, मास्टर आणि चॅनल व्हॉल्यूम अशा तीन खुंट्या आहेत. आवाज मोठा करायचा तर कोणती फिरवावी? (एक विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर : चॅनल व्हॉल्यूम. गेन आणि मास्टर या दोन्ही खुंट्या आवाजाचा पोत बदलतात, कारण मूळ ॲम्पमध्ये त्या प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांना किती ताण द्यायचा हे ठरवत असतात. चॅनल व्हॉल्यूम केवळ पातळी बदलतो. आपले सर्व प्रीसेट याच खुंटीने एका पातळीवर आणावेत आणि सोलोच्या प्रीसेटला थोडी जादा पातळी द्यावी. मूळ ॲम्पच्या लकबी मॉडेलमध्येही उतरलेल्या असू शकतात, हेही जाणून असावे. उदाहरणार्थ, वॉक्स एसी-30 वरील ‘कट’ ही खुंटी वाढवली असता वरचे सूर कमी होतात, त्यामुळे ती ट्रेबल समजून फिरवणारा माणूस बराच वेळ गोंधळतो.

प्रश्न : डिजिटल यंत्रामुळे आवाज उशिरा येतो असे ऐकले होते, ते खरे ठरले. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवताना सूर मागे राहतो. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : उशीर ब्लूटूथचा आहे, मॉडेलरचा नाही. मॉडेलरला लागणारा वेळ काही मिलिसेकंदांचा असतो आणि हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटीमीटर जातो. म्हणजे 3 मिलिसेकंदांचा उशीर स्पीकरपासून एक मीटरवर उभे राहिल्याइतका. नेहमीच्या ब्लूटूथचा उशीर पुष्कळदा 100 मिलिसेकंदांच्या पुढे जातो. वायरचा हेडफोन घ्यावा.

प्रश्न : पंचवटीतील आमच्या जुन्या घरात मॉडेलर लावला की सतत गुणगुण येते आणि तारांना हात लावला की ती कमी होते. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा भाग) लावूनही सूर विझताना ती ऐकू येतेच. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : प्रथम गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा. गुणगुण थांबली तर ती गिटारमधून येते आहे. सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारे, एकाच वेटोळ्याचे भाग) 50 हर्ट्झच्या विजेचे क्षेत्र ॲन्टेनासारखे पकडतात. अशा वेळी जागेवरच हळूहळू फिरून पाहावे, एखाद्या दिशेला गुणगुण निम्म्यावर येते. तसेच ॲडॅप्टर, डिमर आणि ट्यूबलाइटचा चोक यांपासून दूर बसावे. व्हॉल्यूम शून्यावर असूनही ती चालू राहिली तर दोष पुढच्या वायरमध्ये किंवा विजेच्या जोडणीत आहे. लॅपटॉप यूएसबीने जोडला असेल तर त्याचा चार्जर काढून बघावा. तारांना हात लावल्यावर गुणगुण थोडी कमी होणे स्वाभाविक आहे, मात्र हाताला बारीक मुंग्या जाणवत असतील तर वाजवणे तेथेच थांबवावे, कारण जुन्या घरात सॉकेटला तीन भोके असूनही मागे अर्थिंगची वायर नसणे हे अगदी नेहमीचे आहे, आणि ते वायरमनकडून तपासून घ्यायला हवे. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन तोडण्याचा उपाय काही वादक सांगतात, तो कदापि करू नये. मिक्सरला जोडल्यावरच गुणगुण येत असेल तर अनेक मॉडेलरच्या मागे ‘ग्राउंड लिफ्ट’ असे बटण असते, ते दाबावे. ते केवळ आवाजाच्या वायरचे ग्राउंड सोडते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. नॉइज गेट मात्र गुणगुण झाकतो, घालवत नाही. तो साखळीच्या अगदी आरंभी, गेनच्या आधी ठेवावा आणि त्याची मर्यादा सूर पूर्ण विझू देईल इतकीच खाली ठेवावी.