मालिकेच्या पडद्यामागच्या माणसांवर कमी पैशांत विनोदी वेबसिरीज कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघं मित्र आहात, हाताशी दीड लाख रुपये आहेत आणि मराठी मालिकेच्या सेटवर राबणाऱ्या माणसांवर छोटी विनोदी वेबसिरीज करायची आहे. पण मालिकेतलं घर उभं करण्यातच सगळे पैसे संपतील, अशी धास्ती आहे. मी सात वर्षं डेली सोपमध्ये असिस्टंट डायरेक्टर होतो आणि याच विषयावर चार छोटे भाग करून झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते घर उभं करूच नका. त्याची मागची बाजू तेवढी उभी करा. गोरेगावच्या चित्रनगरीत, मीरा रोडला, घोडबंदरला मालिकांची घरं पत्र्याच्या शेडमध्ये असतात. पुढून वाडा दिसतो, मागून नुसतं प्लाय आणि लाकडी पट्ट्या. शेडची भिंत आणि त्या प्लायच्या मधे एक चिंचोळी वाट उरते. तिथे केबलची भेंडोळी असतात, इस्त्रीचं टेबल असतं, चहाचा थर्मास असतो, कोणाचा तरी अर्धवट खाल्लेला डबा असतो. पलीकडे ‘सायलेन्स, रोलिंग’ असा आवाज आला की या वाटेतली माणसं जिथे असतील तिथे थांबतात. अकरा ग्लासांचा ट्रे घेतलेला स्पॉटदादा, तोंडात टाचण्या धरलेली ड्रेसवाली ताई, शिंक दाबून धरलेला लाइटदादा. पलीकडे सासू सुनेला घराबाहेर काढतेय, ते आपल्याला फक्त ऐकू येतं. तुमची सिरीज या वाटेत घडते. त्यासाठी लागतात प्लायचे पाच-सहा फ्लॅट, म्हणजे उभ्या करायच्या सुट्या भिंती, आणि त्या एकांकिका करणाऱ्या कुठल्याही कॉलेजात पडलेल्या असतात. स्पर्धांचा हंगाम संपला की मागा, मिळतात. पलीकडच्या कलाकारांचा फक्त आवाज लागतो, तो एका दुपारी रेकॉर्ड होतो.

आमचा पहिला भाग सगळा एकाच शॉटच्या वेळात घडतो. पलीकडे टेक पुन:पुन्हा कट होतोय आणि अलीकडे मेकअपदादाला त्याच्या मुलीच्या बारावीच्या निकालाचा फोन आलाय. बोलता येत नाही, हलता येत नाही. आनंदाची बातमी कुजबुजून, खुणा करून वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर तिचं भलतंच काही झालेलं असतं. नऊ मिनिटं, एकच जागा.

आता लिखाणाबद्दल, कारण तुमचा खरा खर्च तिथेच वाचणार आहे. बहुतेक जण असा विषय घेतला की नखरेल हिरॉइन, मूर्ख निर्माता आणि टीआरपी यावर विनोद करतात. माझं ठाम मत आहे की त्यात दम नाही. सेटवरची माणसं मूर्ख नसतात. प्रत्येक जण आपापल्या कामात इतका पक्का असतो की दुसऱ्याच्या कामाशी टक्कर होतेच. साउंड रेकॉर्डिस्टला फ्रिजची घरघर नको असते म्हणून तो फ्रिज बंद करतो, आणि पॅकअपला, म्हणजे दिवसाचं शूट संपल्यावर, चालू करायला विसरू नये म्हणून आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. त्याच फ्रिजमध्ये आर्टवाल्याचा वाढदिवसाच्या सीनचा केक असतो. कंटिन्यूटी, म्हणजे आधीच्या शॉटशी सगळं जुळतंय ना, हे बघणाऱ्या मुलीकडे कालचा फोटो असतो आणि त्यात केकवर चेरी डावीकडे असते. तिघंही बरोबर आहेत आणि आजचा भाग रात्री चॅनलला गेलाच पाहिजे. एवढ्यावर एक भाग उभा राहतो, कोणाला वेडं ठरवायची गरज पडत नाही.

अजून एक देतो. मालिकेच्या घरातला जिना पुष्कळदा कुठेच जात नाही. वर एक छोटा माळा असतो, आणि ‘वरची बेडरूम’ म्हणजे खाली बाजूलाच लावलेला दुसरा सेट. रागावून वर गेलेला नट कट होईपर्यंत तिथे अंग चोरून बसलेला असतो. एकदा आमच्याकडे सीन लांबला, पाठोपाठ दुसरं पात्रही रागावून वर गेलं. त्या दोघांचं सीनबाहेरही बोलणं बंद होतं. त्या माळ्यावर काय झालं असेल, ते तुम्ही लिहा.

सहा भाग करायचे असतील तर सोमवार ते शनिवार असे सहा दिवस धरा. गुरुवारी मालिका किती बघितली गेली याची रेटिंग येतात, त्या दिवशी सेटवरची हवा सकाळपासून वेगळी असते. संबोधनं कानात साठवा. सगळे ‘दादा’ आणि ‘ताई’, दिग्दर्शक ‘सर’, आणि आईचं काम करणाऱ्या बाईंना वयाने मोठी माणसंसुद्धा ‘आई’ म्हणतात. कोण कोणाला केव्हा ‘अहो’वरून ‘अरे’वर आणतं, यात निम्मे संवाद सापडतील.

खोटी डॉक्युमेंटरी करावी, म्हणजे हलता कॅमेरा खपून जातो, असंही तुम्ही विचारलंय. मी करणार नाही. कॅमेऱ्याभोवती आयुष्य घालवलेली माणसं लेन्ससमोर मन मोकळं करत नाहीत, ती लगेच फ्रेम बघतात. कॅमेरा स्टँडवर ठेवा, स्थिर. चिंचोळ्या वाटेत माणसं येतात-जातात, अडकतात, ते स्थिर चौकटीत जास्त हसवतं.

जपानी चित्रपट ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) जरूर बघा. शिनिचिरो उएदा यांनी सुमारे ३० लाख येनमध्ये, नवख्या कलाकारांना घेऊन केला. सुरुवातीला सलग ३७ मिनिटांचा एकच शॉट, त्यात विचित्र थांबे, चुका. पुढे कळतं की तो टीव्हीसाठीचा लाइव्ह कार्यक्रम होता, आणि प्रत्येक चुकीमागे कॅमेऱ्याबाहेर कोणीतरी जिवाच्या आकांताने काहीतरी सावरत होतं. हसता हसता त्या माणसांबद्दल आदर वाटायला लागतो. स्वस्तातली प्रत्येक उणीव तिथे गोष्टीच्या कामाला लावली आहे.

पैशांचं म्हणाल तर कॅमेरा मोबाइलचा चालेल, आवाजात काटकसर नको. तुमची सगळी गंमत कुजबुजीत आहे. कपड्यांना लावायचे चांगले लॅपल माइक भाड्याने घ्या, एक जाणता रेकॉर्डिस्ट घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर शूट ठेवू नका. पाऊस पडला की दिवस गेला.

आणि सगळ्यांना पैसे द्या, थोडे का होईना, पॅकअपच्या वेळी हातात. मालिकांमध्ये नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याची पद्धत आहे. एका निर्मात्याकडचे माझे अडीच महिन्यांचे पैसे कधीच आले नाहीत. त्या महिन्यांत घरभाडं कसं भरलं ते अजून आठवतं. ज्यांच्या कष्टांवर तुम्ही गोष्ट सांगताय त्यांनाच फुकट राबवलंत, तर मला ती सिरीज बघवणार नाही. आमच्या स्पॉटदादाने पहिल्या दिवशी पाकीट मिळाल्यावर विचारलं होतं, ‘उद्या पण शूट आहे ना?’

दीड लाखात सहा भाग नका करू, तीनच करा. नऊ-दहा मिनिटांचे, चार दिवसांत, पाच-सहा कलाकार. पण त्याआधी कोणाच्या तरी ओळखीने परवानगी काढा आणि एका सेटवर सकाळच्या कॉल टाइमपासून, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेपासून, पॅकअपपर्यंत बसा. मॉनिटरपाशी बसू नका, त्या मागच्या वाटेत इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसा. पहिला भाग लिहून झाला की कळवा, मी मनापासून वाचेन.