ॲन आर्बरमध्ये विद्यापीठाबाहेर घर शोधताना

मिशिगन विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तुम्हाला प्रवेश मिळाला आहे, ऑगस्टमध्ये अमेरिकेत ॲन आर्बरला पोहोचायचे आहे, आणि एका घरमालकाने वर्षभराच्या करारावर आठवड्याच्या आत सही करून अनामत रक्कम पाठवायला सांगितले आहे. सही करून मोकळे व्हावे की तिकडे गेल्यावर घर पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी या गावात विद्यार्थी म्हणून आलो आणि शिक्षण संपल्यावरही इथेच राहिलो, त्यामुळे हा बाजार मी आधी भाडेकरू म्हणून आणि पुढे नव्याने येणाऱ्यांना मदत करताना, असा दोन्ही अंगांनी पाहिला आहे. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी अख्खे घर स्वतःच्या नावावर घेऊच नये. ज्या घरात आधीपासून विद्यार्थी राहत आहेत, तिथली रिकामी होणारी एक खोली घ्यावी आणि स्वतःचा करार गाव पायाखालचे झाल्यावर, दुसऱ्या वर्षासाठी करावा.

असे म्हणण्याचे कारण इथल्या वेळापत्रकात आहे. विद्यार्थी वस्तीतले बहुतेक करार ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन पुढच्या ऑगस्टच्या मध्याला संपतात, आणि पुढच्या वर्षाची घरे लोक आदल्या हिवाळ्यातच, किंबहुना त्याच्याही आधी, पक्की करून टाकतात. ही घाई इतकी वाढली की चालू भाडेकरूच्या कराराचा ठरावीक काळ उलटेपर्यंत ते घर दुसऱ्याला दाखवू नये, असा नियम शहराला करावा लागला. तुमच्या हातात प्रवेशपत्र पडते तेव्हा मुख्य आवाराजवळ उरतात ती एक तर फार महागडी उंच इमारतींमधली घरे किंवा इतरांनी पाहून सोडून दिलेली घरे. खोल्यांचे मात्र उलटे असते. कोणी पदवी घेऊन नोकरीसाठी निघते, कोणाची इंटर्नशिप लांबते, चौघांपैकी एक जण ऐनवेळी बेत बदलतो, आणि अशा खोल्या एप्रिलपासून जुलैपर्यंत एकामागून एक बाजारात येत राहतात. म्हणून ‘आठवड्याच्या आत सही करा’ या निकडीला तुम्ही बळी पडण्याचे कारण नाही.

घर कुठे असावे, हे ठरवताना नकाशावर विद्यापीठाचे नाव शोधून त्याभोवती वर्तुळ काढू नका, कारण या विद्यापीठाची आवारे एका ठिकाणी नाहीत. अभियांत्रिकीचे बहुतेक विभाग ह्युरॉन नदीपलीकडच्या नॉर्थ कॅम्पसवर आहेत, तर ज्याला लोक गाव म्हणतात, म्हणजे स्टेट स्ट्रीट, साउथ युनिव्हर्सिटी, दुकाने, खाणावळी आणि मोठे ग्रंथालय, ते सगळे सेंट्रल कॅम्पसच्या आसपास आहे. दोन्हींमध्ये साधारण तीन किलोमीटरचे अंतर आहे. विद्यापीठाच्या निळ्या बसना तिकीट लागत नाही आणि ओळखपत्र दाखवले की ‘द राइड’ या शहर बससेवेतही विद्यार्थ्यांना फुकट जाता येते, त्यामुळे आवारापासूनच्या अंतरापेक्षा बसथांब्यापासूनचे अंतर आणि त्या मार्गावर रात्री व रविवारी बस किती वेळाने येते, हे पाहणे जास्त महत्त्वाचे आहे. विद्यापीठाच्या बसची वारंवारता सुट्टीच्या काळात कमी होते, हेही ध्यानात ठेवा. प्लिमथ रस्त्याच्या बाजूची मोठी अपार्टमेंट-संकुले तुमच्या विभागाला जवळ पडतात, किराणा हाताशी असतो आणि रात्री शांतता असते. पॅकार्ड, हिल स्ट्रीट या बाजूची जुनी लाकडी घरे सेंट्रल कॅम्पसला जवळ असली, तरी तुम्हाला रोज बस धरावी लागेल. अनेक जण भाडे कमी म्हणून शेजारच्या इप्सिलँटीत राहतात. तिथूनही ‘द राइड’ची बस येते, पण प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबावे लागणार असेल तर शेवटच्या बसची वेळ आधी पाहा. नॉर्थवूड ही विद्यापीठाची स्वतःची वसाहत नॉर्थ कॅम्पसवरच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तिथे अर्ज करून ठेवायला हरकत नाही, मात्र तेवढ्यावर विसंबून राहू नये.

फोटो उन्हाळ्यात काढलेले असतात आणि घरात खरी राहणूक हिवाळ्यात होते, म्हणून चौकशी जानेवारी डोळ्यांपुढे ठेवून करावी. जुन्या घरांमध्ये खिडक्या एकेरी काचेच्या असतात आणि घर तापवणारी भट्टी तळघरात असते. गॅसचे बिल भाडेकरूने भरायचे असेल तर कमी भाड्यातली बचत बिलातच निघून जाते. वीज आणि गॅस इथे डीटीई या कंपनीकडून येतात. सध्याच्या रहिवाशांना मागच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या बिलांचे छायाचित्र मागा. चांगली माणसे ते लगेच पाठवतात आणि जे टाळाटाळ करतात त्यांच्याबद्दलही तुम्हाला काही कळतेच. तापमान ठरवणारे थर्मोस्टॅट कोणत्या मजल्यावर आहे, हेही विचारा, कारण घराचे दोन भाग करून भाड्याने दिलेले असतील तर खालच्या भाडेकरूच्या मर्जीवर वरच्याला गारठावे लागते. तळघरातली खोली स्वस्त मिळते, पण आग लागल्यास बाहेर पडता येईल एवढी मोठी खिडकी तिला आहे की नाही, हे व्हिडिओवर स्वतः पाहा. इथल्या भाड्याच्या घरांना शहराच्या तपासणीनंतर मिळणारे अनुपालनाचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि खोली राहण्यायोग्य म्हणून मंजूर आहे का, असा प्रश्न त्या प्रमाणपत्राचा उल्लेख करून विचारला की उत्तर देणाऱ्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. घर १९७८ पूर्वीचे असेल तर शिसेयुक्त रंगाबद्दल जी माहिती असेल ती कळवणे मालकाला संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. लहान मूल बरोबर येणार असेल तर तो कागद केवळ उपचार समजू नका.

आता कागदपत्रांकडे वळू. चार जणांनी मिळून एकच करार केला असेल, तर त्यात बहुधा संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारीचे कलम असते. म्हणजे एकाने भाडे थकवले तर मालक उरलेल्या कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. मोठ्या संकुलांपैकी काही ठिकाणी प्रत्येक खोलीचा वेगळा करार होतो, तिथे भाडे थोडे जास्त पडले तरी अनोळखी माणसांबरोबर राहणाऱ्या नवख्यासाठी तोच बरा. चालू घरातली खोली दोन प्रकारे मिळते. एक तर जाणाऱ्याच्या जागी तुमचे नाव मालकाच्या करारात येते, किंवा तो तुम्हाला सबलीज देतो, म्हणजे खोली पोटभाड्याने देतो, आणि मालकापुढे जबाबदार तोच राहतो. दोन्हींमध्ये मालकाची लेखी संमती मागून घ्या. सबलीजमध्ये अनामत रक्कम त्या विद्यार्थ्याच्या हाती जाते, मालकाच्या नव्हे, आणि वर्ष संपेपर्यंत तो नोकरीसाठी दुसऱ्या टोकाच्या राज्यात गेलेला असतो. त्यामुळे रक्कम, तारीख आणि परतफेडीची अट लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. उन्हाळ्यात तुम्ही इंटर्नशिपसाठी बाहेर असाल, तेव्हा हीच सबलीज तुम्हाला द्यावी लागेल. मे ते ऑगस्ट गाव रिकामे होते, खोल्या पडून राहतात आणि भाड्याच्या पुष्कळ कमी पैशांत त्या द्याव्या लागतात. बारा महिन्यांचे भाडे परवडते का, याचा हिशेब तो घाटा धरून करा.

अनामतीच्या बाबतीत मिशिगनचा १९७२ चा कायदा भाडेकरूच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहे, पण तारखा पाळणाऱ्यालाच तो उपयोगी पडतो. अनामत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पहिल्या महिन्याखेरीज अट म्हणून आगाऊ मागितलेले भाडेही अनामतीतच धरले जाते. समजा भाडे १,२०० डॉलर आहे, तर मर्यादा १,८०० डॉलर झाली; पहिला महिना, शेवटचा महिना आणि शिवाय एका महिन्याची अनामत, अशी मागणी झाली तर शेवटचा महिना व अनामत मिळून २,४०० होतात आणि ते मर्यादेबाहेर जाते. परदेशी विद्यार्थ्याची इथली पत कुठेच नोंदलेली नसल्यामुळे मालक जामीनदार किंवा जास्तीची रक्कम मागतात. त्याऐवजी आय-ट्वेंटीची (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या दाखल्याची) प्रत, असिस्टंटशिपचे (विद्यापीठातल्या पगारी सहायकपदाचे) पत्र असल्यास ते, आणि बँकेचा दाखला पुढे करून पाहा. अर्जात सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारी क्रमांकाचा रकाना असतो. तो क्रमांक नोकरी मिळाल्याशिवाय एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या, विद्यार्थ्याला मिळत नाही, तेव्हा तसे सरळ लिहा.

खोली ताब्यात आल्यावर पहिल्या सात दिवसांत एक काम करायचे असते, ते बहुतेक जण सामान लावण्याच्या गडबडीत सोडून देतात. मालकाने घराच्या स्थितीचा तक्ता द्यायचा असतो आणि तुम्ही तो भरून सात दिवसांच्या आत परत करायचा असतो. त्यात ‘ठीक’ असे लिहून चालत नाही. शेगडीचा मागचा डावा बर्नर पेटत नाही, कपाटाचे दार खालच्या बिजागरीतून सुटले आहे, खिडकीखालच्या गालिच्यावर तळहाताएवढा करडा डाग आहे, अशा शब्दांत लिहा आणि प्रत्येक नोंदीचे छायाचित्र ठेवा. आधीच्या भाडेकरूकडून कशाकशाचे पैसे कापले, त्याची यादीही तुम्ही मागू शकता; तोच डाग त्या यादीत असेल तर वाद तिथेच संपतो. घर सोडल्यावर चार दिवसांच्या आत नवा पत्ता मालकाला लेखी कळवावा लागतो. घर सोडल्यापासून तीस दिवसांत मालकाने अनामत परत करायची किंवा कापलेल्या रकमांची तपशीलवार यादी पाठवायची असते, आणि यादी आली तर तुम्ही सात दिवसांत टपालाने उत्तर द्यायचे असते. उत्तर दिले नाही तर कापलेले पैसे गेले असे समजा. नेहमीच्या वापराने झालेली झीज मात्र तुमच्या माथी मारता येत नाही. वाद वाढलाच, तर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाची कायदा-सल्ला सेवा आहे. करार सहीपूर्वी त्यांच्याकडून वाचून घेणे हा तिचा सर्वांत चांगला उपयोग आहे, असे मी म्हणेन.

फसवणुकीबद्दल तुम्ही काळजी व्यक्त केली आहे, तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. मालक परदेशात आहे, चाव्या कुरिअरने येतील, भाडे आसपासच्या घरांपेक्षा बरेच कमी आहे आणि पैसे लगेच ‘झेल’ (Zelle) या बँकेतून पैसे पाठवण्याच्या सेवेने किंवा भेटकार्डाने हवेत, यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की संवाद थांबवा. छायाचित्रे कोणाचीही चोरता येतात, म्हणून थेट व्हिडिओ कॉलवर घरात उभे राहून दरवाजा उघडून रस्त्याचा फलक दाखवायला सांगा. घराचा मालक कोण आहे, हे शहराच्या मालमत्ता नोंदींत संकेतस्थळावर पाहता येते, आणि करारावरचे नाव त्याच्याशी किंवा एखाद्या व्यवस्थापन कंपनीशी जुळायला हवे. विद्यापीठाचे ‘बियाँड द ब्लू’ हे ऑफ-कॅम्पस घरांचे संकेतस्थळ शोधाची सुरुवात करायला बरे आहे. भारतीय विद्यार्थ्यांच्या गटांत खोल्या लवकर कळतात, पण तिथे ओळखीच्या भरवशावर कागद न करण्याची सवय आहे, ती तुम्ही लावून घेऊ नका.

शेवटी ऑगस्टच्या त्या मधल्या दिवसांची तजवीज करा. जुने करार संपणे आणि नवे सुरू होणे यांत अनेकदा आठवडा-दहा दिवसांचे अंतर असते. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी तीस दिवसांपर्यंत एफ-वन विद्यार्थ्याला देशात येता येते, त्यामुळे विमानाचे तिकीट खोलीच्या ताब्याची तारीख लेखी मिळाल्यावर काढा, किंवा मधल्या दिवसांसाठी कोणाकडे तरी राहायची सोय आधी करून ठेवा. याच दिवसांत गावातल्या पदपथांवर सोडून दिलेल्या गाद्या, सोफे, टेबले यांचे ढीग लागतात. टेबल, खुर्ची, दिवा खुशाल उचला. गादी आणि कापडी सोफा मात्र कितीही नवा दिसला तरी उचलू नका, कारण ढेकूण घरात शिरले की त्यांचा खर्च आणि घरमालकाशी होणारा वाद दोन्ही तुमच्याच वाट्याला येतात. फुटबॉलच्या मोसमात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात त्या मैदानाजवळ घर घेतलेत, तर सामन्याच्या शनिवारी गाडी हलवायची नाही हे गृहीत धरा. काही जणांना तो गजबजाट आवडतोही. राहायला गेल्यावर दहा दिवसांच्या आत नवा पत्ता विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रामार्फत सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीत बदलून घ्या, आणि पुढे प्रत्येक वेळी घर बदलल्यावरही तेच करा. तुम्हाला आलेला कराराचा मसुदा मला पाठवलात, तर सबलीज, दुरुस्ती आणि संयुक्त जबाबदारी ही तीन कलमे मी वाचून कळवीन.